दाणा माणसाला, कडबा जनावराला

रब्बीची ज्वारी काढून झाली की रानातच तिच्या वाटण्या होतात. कणसं मोडून खळ्यावर जातात, मळणी होते आणि दाणा घरात येतो. उरलेल्या धाटांच्या पेंढ्या बांधून कडब्याची गंज रचतात, ती गोठ्याजवळ. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ही वाटणी इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यामागचं कारण कुणी विचारत नाही. पण एकाच मुळावर, एकाच पावसाच्या ओलीवर वाढलेल्या झाडाचा एक भाग आपल्याला पचतो आणि दुसरा पचत नाही, हे असं का?

दोन्ही भाग कशाचे बनलेत ते पाहिलं तर कोडं आणखी वाढतं. ज्वारीच्या दाण्यात शंभरातले सुमारे ७० भाग पिष्ट असतं, म्हणजे स्टार्च. कडब्यात सगळ्यात मोठा वाटा सेल्युलोजचा. आणि हे दोन्ही पदार्थ एकाच साखरेचे, ग्लुकोजचे, कण एकापुढे एक जोडून तयार झालेले आहेत. फ्रान्समधल्या अँसेल्म पायेन या रसायनशास्त्रज्ञाने १८३८ साली लाकडातून तंतूंसारखा चिवट पदार्थ वेगळा काढला. त्यात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन किती आहेत ते त्याने मोजलं, तर प्रमाण थेट पिष्टाइतकंच निघालं. त्या पदार्थाला त्याने सेल्युलोज हे नाव दिलं. गंमत म्हणजे पाचच वर्षं आधी, १८३३ मध्ये, याच पायेनने पर्सो या सहकाऱ्याबरोबर मोड आलेल्या धान्यातून पिष्टाची साखर करणारा पदार्थ मिळवला होता. आज ज्यांना आपण एन्झाइम किंवा विकर म्हणतो, त्यातला वेगळा काढता आलेला तो पहिलाच.

ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू. ज्वारीचं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी घेऊन, उन्हाच्या जोरावर तो घडवतं. कडक उन्हात, थोड्या पाण्यावर हे काम करण्यात ज्वारी गव्हापेक्षा तरबेज आहे, कारण हवेतला कार्बन आधी वेगळ्या पेशींत पकडून मग तो साखर बनवणाऱ्या पेशींना पुरवायची सोय तिच्या पानात असते.

ही साखर तशीच ठेवली तर पाण्यात विरघळते आणि आजूबाजूचं पाणी स्वतःकडे खेचत राहते. दाण्यात ती साठवायची तर पेशी फुगून जाईल. म्हणून झाड ग्लुकोजचे कण एकमेकांना जोडून टाकतं. प्रत्येक जोडाच्या वेळी पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि लांबलचक, पाण्यात सहज न विरघळणारी माळ तयार होते. हुरडा खाताना आपण हे काम अर्ध्यावर गाठलेलं असतं. कोवळ्या दाण्यातली बरीच साखर अजून मोकळी असते, म्हणून तो गोड लागतो. तोच दाणा वाळून टणक झाला की गोडी गेल्यासारखी वाटते. ती गेलेली नसते, माळेत ओवली गेलेली असते.

आता खरी मेख. ग्लुकोजचा रेणू बहुतेक वेळा सहा कोनांच्या कड्यासारखा असतो: पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन. या कड्याच्या पहिल्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असते. ती कड्याच्या खालच्या अंगाला असू शकते किंवा वरच्या. खालच्या अंगाच्या जोडीला अल्फा म्हणतात, वरच्या अंगाच्या जोडीला बीटा. पिष्टातले सगळे जोड अल्फा, सेल्युलोजमधले सगळे बीटा. फरक एवढाच.

पण या एवढ्याशा फरकाने सगळं बदलतं. अल्फा जोडांनी माळ वळत जाते आणि स्प्रिंगसारखी गुंडाळी होते, एका वेढ्यात साधारण सहा ग्लुकोज. भाकरीच्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो, कारण आयोडीन या गुंडाळीच्या पोकळीत जाऊन बसतं. बीटा जोडांत मात्र प्रत्येक पुढचा ग्लुकोज आधीच्यापेक्षा उलटा बसतो, त्यामुळे माळ फितीसारखी सरळ राहते. अशा सरळ माळा शेजारी शेजारी पडतात आणि त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. हा बंध एकटा दुबळा असतो, पण हजारोंनी जमला की कडब्याच्या पेंढीला आळा घालावा तसा माळांचा जुडगा घट्ट बांधला जातो. पाण्यालाही आत शिरायला वाव उरत नाही. वाऱ्यात धाट उभं राहतं ते याच्या बळावर.

आपल्या लाळेत पिष्ट तोडणारा अमायलेज नावाचा विकर असतो. भाकरीचा घास कालवणाशिवाय मिनिटभर चावून बघा, हळूहळू गोडसर लागायला लागतो. जोडताना जे पाणी बाहेर पडलं होतं, तेच परत घालून अमायलेज एकेक जोड सोडवत असतो. सेल्युलोजपुढे तो हतबल आहे. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली विकर आणि त्याचा पदार्थ यांना कुलूप-किल्लीची उपमा दिली, ती साखरेचे जोड तोडणाऱ्या विकरांवर काम करतानाच. अल्फाची किल्ली बीटाच्या कुलपात फिरत नाही.

इथे जरा चुलीपाशी थांबू या. गव्हाच्या कणकेत गार पाणी घालून मळलं की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं एकमेकांत गुंततात, काही ठिकाणी गंधकाच्या अणूंनी एकमेकांना धरून ठेवतात आणि ताणली जाणारी जाळी होते. म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीतही शंभरात दहाच्या आसपास प्रथिन असतं, पण त्यातलं मुख्य प्रथिन, काफिरिन, दाण्यात बारीक गोल पुड्यांमध्ये बंद राहतं आणि पाण्यापासून लांब पळतं. त्याची जाळी होत नाही. मग पीठ धरून ठेवायचं कुणी? पिष्टाने. पण गार पाण्यात पिष्टाचे कण मिटलेलेच राहतात. त्यांच्यातले हायड्रोजन बंध सैल व्हायला ७० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते. आधणाचं पाणी पिठावर ओतलं की वरचे काही कण फुगतात, त्यांतल्या माळा बाहेर येतात आणि पिठाला चिकटपणा येतो. यालाच बायका पिठाला विरी आली म्हणतात. ताज्या पिठाची भाकरी सरावाच्या हाताला गार पाण्यातही थापता येते, पण पीठ जुनं झालं की आधणाशिवाय ती कडेने चिरते. परातीत हाताने जे कळतं ते इतकं नेमकं आहे की प्रयोगशाळेत शिकलेल्या माणसाने ते आदराने पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

ग्लुकोजचं आणखी एक रूप ज्वारीत आहे, आणि ते जिवावर बेतणारं आहे. कोवळ्या ज्वारीत जनावर घुसलं तर घात होतो, हे शेतकरी जाणतो. पावसाने ताण दिल्यावर खोडव्याला फुटलेले कोंब तर फारच वाईट. या कोवळ्या पानांत धुरिन नावाचा पदार्थ असतो. त्यात ग्लुकोजला सायनाइड पोटात बाळगणारा एक रेणू जोडलेला असतो. जोपर्यंत तो जोड शाबूत आहे, तोपर्यंत विष बांधलेलं असतं. जोड तोडणारा विकर त्याच पानात, पण वेगळ्या कप्प्यात ठेवलेला असतो. जनावराने पान चावलं की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. ते पेशीतल्या ऑक्सिजन वापरणाऱ्या विकरालाच जखडतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर, म्हणून ते लालभडक दिसतं, पण पेशींना तो वापरता येत नाही. असं झालं तर क्षणही न दवडता पशुवैद्याला बोलवावं; गंधक पुरवणारं सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळेत मिळालं तर सायनाइड निरुपद्रवी रूपात बदलून लघवीवाटे निघून जातं. पीक मोठं होत जातं तसं धुरिनचं प्रमाण घटतं आणि नीट वाळवणीत बरंचसं सायनाइड उडून जातं. वाळलेला कडबा म्हणूनच निर्धास्त घालता येतो.

पण मग त्या कडब्यातली बीटाची कुलपं बैल उघडतो कशी? तो उघडतच नाही. सेल्युलोज तोडणारा विकर गाईबैलांचं शरीरही बनवत नाही. त्यांच्या पोटाच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यात कोट्यवधी जीवाणू राहतात, आणि किल्ली त्यांच्याकडे असते. रवंथ करून जनावर कडबा बारीक करत राहतं, म्हणजे जीवाणूंना शिरायला जागा मिळते. ते ग्लुकोज सोडवतात, पण त्यावर पहिला ताव त्यांचाच. आंबवून झाल्यावर जी आम्लं उरतात, ती गाईच्या वाट्याला येतात: व्हिनेगरमध्ये असतं ते ॲसिटिक, त्यापाठोपाठ प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. गाय बहुतांशी या आम्लांवर जगते. ॲसिटिक आम्लापासून तिच्या कासेत दुधातली चरबी घडते, जिचं पुढे लोणी-तूप होतं. प्रोपिऑनिक आम्ल यकृतात जातं आणि तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज बनतं. ते रक्तातून कासेत पोचतं, आणि त्यातूनच दुधातली साखर, लॅक्टोज, तयार होते.

रात्री दुधात भाकरी कुस्करली की रानात वेगळ्या झालेल्या त्या दोन वाटण्या एका वाडग्यात येतात. एक दाण्यातून आलेली, दुसरी गंजीवरून गोठ्यात जाऊन.