मिस्ट्राल आणि मेल्टेमी: जुनी शिडाची बोट असेल तर या दोन वाऱ्यांचा हिशोब वेगवेगळा ठेवा

भूमध्य समुद्रात बोट घेऊन फिरणारे लोक ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि त्यात नवल काही नाही, कारण वरवर बघितलं तर दोन्ही सारखेच. दोन्ही उत्तरेकडून येतात, कोरडे असतात, आभाळ निळंशार ठेवून वाहतात, ना काळे ढग ना पाऊस ना वीज, आणि तरी तीस-पस्तीस नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) दिवसच्या दिवस ठाण मांडून बसतात. वादळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काळं आभाळ येतं, त्यामुळे कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला लख्ख उन्हातलं हे प्रकरण पहिल्यांदा खरंच वाटत नाही. पण बोट चाळीस वर्षांची असेल, तीस-पस्तीस फुटी, इंजिन तीस हॉर्सपॉवरच्या आसपासचं, तर दोन्ही वारे एकच समजून चालणार नाही. माझ्या मते मिस्ट्रालसाठी दिवस निवडायचा असतो आणि मेल्टेमीसाठी अख्ख्या सीझनचा रस्ता.

आधी मिस्ट्राल. हा फ्रान्सचा. फ्रान्सच्या पश्चिमेला बिस्केच्या उपसागराकडे हवेचा जास्त दाब, इटलीत जेनोआच्या आखातावर कमी दाब, आणि मधली थंड हवा आल्प्स आणि मासिफ सेंट्राल या मध्य फ्रान्समधल्या डोंगराळ पठाराच्या मधून रोन नदीच्या खोऱ्यात शिरते. खोरं अरुंद, त्यामुळे वेग वाढत जातो आणि मार्सेच्या पश्चिमेला ती सगळी हवा लायन्सच्या आखातावर ओतली जाते. पिरेनीज पर्वताच्या बाजूने त्याचा जोडीदार वारा ट्रामोंतान येतो, तोही त्याच आखातात. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचे झोत मिस्ट्रालला नवीन नाहीत. जोर जास्त हिवाळ्यात आणि वसंतात, पण वर्षाचा कुठलाही महिना त्याला वर्ज्य नाही, जुलै-ऑगस्टमध्येही येतो आणि सुट्टीवर आलेल्यांना तिथेच पकडतो. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचे जुने लोक म्हणतात तीन, सहा नाहीतर नऊ दिवस वाहतो, ते काही दर वेळी खरं होत नाही, एका दिवसात आटोपणारेही असतात.

मेल्टेमी मात्र एजियन समुद्राचा, म्हणजे ग्रीस आणि तुर्कस्तानच्या मधला. मे अखेरीस चाहूल लागते, जुलै-ऑगस्टमध्ये भरात, सप्टेंबर संपता संपता उतरतो, आणि हे दरवर्षी, इतकं नेमाने की अॅरिस्टॉटलनेही त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय. बाल्कनवर जास्त दाब असतो आणि तुर्कस्तानवर कमी, आणि हा कमी दाब एकटा नाही, आपल्या मान्सूनचा जो उन्हाळी कमी दाबाचा पट्टा वायव्य भारत-पाकिस्तानवर असतो त्याचंच टोक इराण-इराकवरून तिथपर्यंत पोचलेलं असतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जुलैत कोकणात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मासेमारी बंद असते, आणि त्याच मोठ्या यंत्रणेच्या दुसऱ्या टोकाला ग्रीसच्या मिकोनोस बेटाजवळ कोणीतरी शीड आखडत बसलेलं असतं. म्हणूनच त्याला ऋतूसारखं वागवायचं, एकेका दिवसाच्या अंदाजावर सोडायचं नाही.

दिशाही एक नाही त्याची. उत्तर एजियनमध्ये ईशान्येकडून, सिक्लाडिस बेटांत सरळ उत्तरेकडून, रोड्सकडे जाईपर्यंत वायव्येकडून. साधा असेल तर सकाळी उशिरा उठतो, दुपारी भर, संध्याकाळी बसतो, म्हणजे पहाटे निघून जेवणाच्या आत मुक्कामाला पोचलात की झालं. पण जोरात लागला की रात्रीही थांबत नाही, आणि एव्हिया-आंद्रोसमधल्या काफिरेआस सामुद्रधुनीत किंवा तिनोस-मिकोनोसच्या मध्ये सात-आठ फोर्स (वाऱ्याच्या जोराच्या ब्यूफोर्ट मापावर) सहज मिळतो.

लक्षणं ओळखताना बरेच जण फसतात ते बॅरोमीटरवर. मिस्ट्रालच्या आधी बहुतेक वेळा थंड हवेचा फ्रंट, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची आघाडी, जातो, दाब पडतो, मग फ्रंट गेला की झपकन वर चढतो, हवा एकदम स्वच्छ होते, भिंगाच्या आकाराचे ढग दिसतात, आणि तासाभरात शांत समुद्राचा चाळीस नॉटचा समुद्र होऊ शकतो. मेल्टेमीला असं काही नाटक लागत नाही. दाब चढाच असतो, पडतच नाही, त्यामुळे काटा स्थिर आहे म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस दुपारी गोंधळतो. तिथे काट्यापेक्षा बेटांच्या डोंगरमाथ्यावर टोपीसारखा ढग बसलाय का आणि लांबची बेटं फारच कोरीव दिसतायत का ते बघावं.

(आयोनियन बाजूला, म्हणजे कॉर्फू-लेफ्कादाकडे, दुपारी वायव्येकडून जो मैस्त्रो येतो तो तिसराच आणि बराच सौम्य. आणि सार्डिनियात माएस्त्राले म्हणतात तो बहुतेक वेळा फ्रान्सहून आलेला मिस्ट्रालच, कोर्सिका आणि सार्डिनियामधल्या बोनिफासिओच्या सामुद्रधुनीत अजून चेव आलेला.)

आता बोटीकडे येऊ. फ्रान्सच्या तुलाँहून स्पेनच्या मिनोर्का बेटाला जायचं तर दोनशेच्या आसपास सागरी मैल, जुनी बोट पाच नॉटने गेली तर चाळीस तास. मध्ये आडोसा नाही. म्हणजे तुम्हाला दोन दिवसांची खात्रीची खिडकी हवी, आणि ती मिळेपर्यंत बंदरात बसायची तयारी हवी, मेतेओ-फ्रान्स या फ्रेंच हवामान खात्याचं बुलेटिन ऐकत. विमान बुक केलंय, पाहुणे यायचेत, सुट्टी संपतेय म्हणून निघणं हा मिस्ट्रालमधला सगळ्यात मोठा धोका, बोटीचं वय त्यानंतर येतं. मेल्टेमीत वाट बघून भागत नाही कारण तो आठवडा-आठवडा हलत नाही. तिथे शहाणपण असं की मे-जूनमध्ये, तो भरात यायच्या आधी, उत्तरेकडे चढून घ्यायचं आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याला पाठीवर घेऊन दक्षिणेकडे उतरायचं. ऑगस्टमध्ये रोड्सहून अथेन्सला वाऱ्याच्या तोंडावर जायचा प्लॅन जुन्या बोटीवर करूच नका, कळकळीने सांगतो. लाटा आखूड आणि उभ्या असतात, बोट प्रत्येक लाटेवर आपटते, इंजिनवर दोन नॉट मिळतात, आणि वर त्या हेलकाव्यांनी जुन्या डिझेल टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ ढवळून फिल्टर तुंबतो, नेमका बंदराच्या तोंडाशी. टाकी उघडून साफ करणं, दोन-चार फिल्टर हाताशी ठेवणं, हे नवीन प्लॉटर (नकाशा दाखवणारा स्क्रीन) घेण्याआधी करा.

शिडांचंही तेच. वारा पंधरावरून तीस नॉटवर गेला की शिडावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. जुन्या फर्लरवर (शीड गुंडाळायच्या यंत्रणेवर) अर्धं गुंडाळलेलं जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, पोत्यासारखं फुगतं आणि बोट वाऱ्याच्या दिशेने वर चढतच नाही, म्हणून आत एक वेगळी तार लावून छोटं जाड जिब (पुढचं छोटं शीड) ठेवणं मेल्टेमीत फार उपयोगी पडतं, रोजच लागतं म्हणा ना. डोलकाठीच्या तारा दहा-पंधरा वर्षांनी बदला असं विमा कंपन्या बहुधा सांगतातच, पण तारेच्या जोडीला डेकखालच्या ज्या पट्ट्यांना त्या तारा बांधलेल्या असतात त्याही काढून बघा, गंज आत असतो, बाहेरून चकचकीत दिसतं.

नांगराचा मुद्दा मुख्यतः मेल्टेमीचा, कारण मिस्ट्रालमध्ये शक्यतो तुम्ही बंदरातच असता. उंच बेटाच्या दक्षिणेला गेलो की आडोसा मिळेल असं वाटतं, लाटेपासून मिळतोही, पण वारा डोंगरावरून खाली कोसळतो आणि मोकळ्या समुद्रापेक्षा जोरात झोडपतो, इकारिया आणि आमोर्गोस यासाठी प्रसिद्ध आहेत. सखल जमिनीमागचा वाळूचा तळ त्यापेक्षा कितीतरी बरा. जुन्या बोटींवर बहुतेकदा शेतातल्या नांगराच्या फाळासारखा जुना अँकर असतो, तो समुद्री गवतावर नुसता घसरत जातो. मोठा, नवीन पद्धतीचा नांगर आणि पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट साखळी, यात काटकसर करू नका. आणि ग्रीसमध्ये वाऱ्यामुळे बंदर खात्याने फेरीबोटी थांबवल्या असतील तर तुमची तेहतीस फुटी बोट निघायचा प्रश्नच येत नाही.

हिवाळ्यात बोट किनाऱ्यावर काढून ठेवता तेव्हाही फरक पडतो. रोनच्या मुखाशी पोर-सां-लुईसारख्या ठिकाणी मिस्ट्रालचा खरा जोर तेव्हाच असतो, तिथे आधार जास्त लावून, जमिनीला पट्ट्यांनी बांधून, नाक उत्तरेकडे करून बोट ठेवायला यार्डवाल्यांना आधीच सांगा. लेरोससारख्या एजियन बेटावर तोवर मेल्टेमी गेलेला असतो आणि हिवाळी वादळं बऱ्याचदा दक्षिणेकडून येतात, म्हणजे हिशोब उलटा. शिडं मात्र दोन्हीकडे उतरवून आत ठेवायची, फर्लरवर गुंडाळलेली सोडायची नाहीत.