लेआउटची ड्रेनेज फाईल परत का येते: अर्ज कोणी करायचा, कागद कुठले आणि लोक अडकतात कुठे

नवीन प्लॉटिंगच्या लेआउटची, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडायच्या नकाशाची, फाईल मंजुरीला टाकली, महिनोन्महिने थांबलो आणि शेवटी शेरा मारून परत आली, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच सगळं लिहून ठेवतो. रस्ते, पाण्याची लाईन, लाईटचे पोल यावरून फाईल सहसा अडत नाही. अडते ती एका प्रश्नावर, तुमच्या हद्दीबाहेर गेलेलं पावसाचं पाणी पुढे कुठे जाणार?

आधी पात्रता. अर्ज जमिनीच्या मालकाने करायचा, किंवा त्याने रीतसर अधिकार दिलेल्या माणसाने. सहमालक असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतात, परगावी राहणाऱ्या भावाची सुद्धा. जमिनीला कायदेशीर रस्ता हवा आणि तिथे राहण्याचा वापर नियमात बसायला हवा. पूररेषेत जमीन येत असेल तर तो भाग नकाशात आधीच वेगळा दाखवा, लपवलात तर पुढच्या प्रत्येक आकड्याकडे संशयाने बघतात. नकाशावर सही करणाऱ्या इंजिनिअरचं लायसन्स अर्जाच्या तारखेला चालू आहे का ते स्वतः बघा. संपलेल्या लायसन्सवर अख्खी फाईल परत गेलेली मी बघितलीय आणि त्यात मालकाची काही चूक नव्हती.

कागदांची यादी प्रत्येक कार्यालयाची थोडी वेगळी, पण मालकीचे कागद, मोजणी नकाशा, कंटूर सर्वे (जमिनीचे चढउतार दाखवणारा), माती परीक्षण, प्रस्तावित लेआउट, पावसाच्या पाण्याचं आणि सांडपाण्याचं वेगवेगळं डिझाईन, हिशोबाची पानं, एवढं सगळीकडे लागतंच. या दोन लाईन एकत्र दाखवू नका. छपराचं पाणी सांडपाण्याच्या लाईनला जोडलं की मोठ्या पावसात तेच पाणी लोकांच्या बाथरूममधून उलटं वर येतं.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो. तुमचं पाणी शेजारच्या जमिनीतून ओढ्यापर्यंत जाणार असेल तर त्या जमिनीच्या मालकाकडून पाणी वाहून न्यायचा नोंदणी केलेला हक्क लागतो. लोक काय करतात, ओळखीच्या शेजाऱ्याकडून कोऱ्या कागदावर 'माझी हरकत नाही' असं लिहून आणतात. त्या कागदाचा उपयोग शेजारी जमीन विकेपर्यंतच, नवीन मालक आला की तो चर बुजवणार आणि तुमच्या चाळीस घरांचं पाणी रस्त्यावर. म्हणून हक्क नोंदवलेला हवा, त्यात पट्ट्याची रुंदी हवी आणि दुरुस्तीसाठी आत जायची परवानगी हवी. पाणी सरकारी नाल्यात किंवा रस्त्याच्या गटारात सोडणार असाल तर तो नाला ज्या खात्याचा त्यांचं पत्र लागतं, आणि हे खातं बऱ्याचदा तुमची फाईल तपासणारं नसतंच. छापील यादीत हे सगळं 'पाण्याच्या निचऱ्याचा तपशील' एवढ्या एका ओळीत उरकलेलं असतं. अर्जदाराने यातून काय समजायचं? सरळ चार ओळी जास्त छापल्या तर लोकांचे हेलपाटे वाचतील. तोपर्यंत माझं ऐका, डिझाईनला पैसे देण्याआधी हे पत्र नाहीतर हा हक्क हातात घ्या, कारण शेजारी नाही म्हणाला तर अख्खा लेआउट दुसऱ्या दिशेला फिरवावा लागतो.

दुसरी अडचण लेव्हलची, म्हणजे उंचीच्या मोजमापाची. सर्वेअर जागेवरच्या एखाद्या दगडाला १०० मीटर धरून सगळ्या लेव्हल काढतो, आणि पुढच्या मोरीची (रस्त्याखालून पाणी जायला बांधलेल्या वाटेची) लेव्हल सरकारी नकाशातून उचलतो. दोन्हींचा पाया वेगळा, मग कागदावर पाणी चढावर चढताना दिसतं. एकाच बेंचमार्कवरून (उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेवरून) सगळं मोजा आणि तो नकाशात दाखवा. मोरीच्या तळाची लेव्हल घेताना तर तिथे स्वतः उभे राहा. एका कामात मोरीचा तळ उंच दाखवलेला, त्यामुळे सगळ्या जागेवर भराव टाकायचा हिशोब निघाला, मालक रडकुंडीला आला. आम्ही कुदळ घेऊन मोरीत उतरलो, वरचा घट्ट झालेला गाळ काढला तर खरा काँक्रीटचा तळ हातभर खाली. सर्वेअरने पट्टी गाळावर टेकवली होती! भराव वाचला, पण ती मोरी साफ करायची आणि साफ ठेवायची जबाबदारी कोणाची हे लेखी घ्यायला लागलं आणि त्यात अजून एक महिना गेला.

हिशोबाचं बघू. छोट्या क्षेत्राला साधं सूत्र चालतं, वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून जातो तो) गुणिले पावसाची तीव्रता मिलिमीटर प्रति तास गुणिले क्षेत्र हेक्टर, भागिले ३६०, उत्तर घनमीटर प्रति सेकंद. समजा २ हेक्टर जागा आहे आणि तीव्रता ६० मिमी. मोकळ्या जमिनीचा गुणांक ०.३ धरला तर सेकंदाला १०० लिटर. घरं, रस्ते, फरशी झाल्यावर ०.७ धरला तर साधारण २३३ लिटर. हा वरचा १३३ लिटरचा फरक खालच्या लोकांच्या दारात जाऊ नये म्हणून तर एवढी कागदपत्रं मागतात. इथे दोन चुका नेहमीच्या. एक, लोक फक्त रस्त्यांचं क्षेत्र धरतात कारण घरं अजून बांधलेली नाहीत, पण हिशोब सगळे प्लॉट भरल्यावरचा करायचा असतो. दुसरी, वरच्या बाजूच्या जमिनीतून तुमच्या जागेत येणारं पाणी विसरतात. ते आजही येतंय, कंपाउंड घातलं म्हणून थांबणार नाही, त्याला वाट ठेवावीच लागते.

आणि डिझाईनला धरतात तो '२५ वर्षांचा पाऊस' म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊन गेला की सुटलो, असं नाही हो. दर वर्षी तो यायची शक्यता ४ टक्के, आणि ३० वर्षांत निदान एकदा यायची शक्यता ७१ टक्क्यांच्या आसपास. घराचं कर्ज फेडेपर्यंत माणसाला तो पाऊस बहुतेक दिसतोच.

फरकाचं पाणी अडवायला तळं दाखवलंत तर त्याची देखभाल कोण करणार हे लिहा, नुसतं 'सोसायटी' लिहून चालत नाही कारण अर्जाच्या दिवशी सोसायटी नसतेच. ती होईपर्यंत विकसक, नंतर सोसायटी, आणि खर्च कशातून, इतकं स्पष्ट पाहिजे. शोषखड्डे (पाणी जमिनीत मुरवायचे खड्डे) दाखवणार असाल तर मुरण्याची चाचणी भर उन्हाळ्यात कोरड्या मातीत करू नका. आकडा छान येतो आणि पावसाळ्यात खड्डा तुडुंब भरून राहतो. खड्डा आधी पाण्याने भिजवून मगच मोजायचं, आणि भूजलाची पातळी पावसाळ्यातली घ्यायची.

मुदतीबद्दल, कारण इथे चांगली फाईल सुद्धा मरते. त्रुटीपत्राला (फाईलमधल्या चुका कळवणाऱ्या कार्यालयाच्या पत्राला) उत्तर द्यायची मुदत पुष्कळदा पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, पत्र हातात पडल्यापासून नाही, आणि पोस्टात आठवडा गेला तर तो तुमचाच गेला. पत्रातलं वाक्य नीट वाचा, शंका असेल तर पहिल्याच दिवशी लेखी मुदतवाढ मागा. तसंच तात्पुरती मंजुरी मिळाली की लोक निवांत होतात. त्या मुदतीत काम सुरू करायचं असतं की पूर्ण करून अंतिम नकाशा दाखल करायचा असतो, हे आदेशात लिहिलेलं असतं आणि तेच वाचायचं राहतं.

फी भरणं, प्रती जोडणं, साईट व्हिजिट, हे यादीप्रमाणे होतं.

काम करताना एक करा, पाईप टाकला की माती लोटायच्या आधी प्रत्येक चेंबरपाशी लेव्हल घ्या आणि टेप दिसेल असा फोटो काढा. शेवटी प्रत्यक्ष कामाचा नकाशा मागतात, डिपॉझिट त्याच्याशिवाय सुटत नाही, आणि बुजवलेली लाईन परत उकरून लेव्हल दाखवायला लागलेली माणसं मी बघितलीत, तयार रस्ता फोडून.