इन्सुलिन मोजायचं कसं?

‘मधुमेह म्हणजे शरीरात इन्सुलिन कमी पडणं’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्यावर शंका घ्यावी असं वाटतही नाही. टाइप १ मधुमेहाला ते लागू आहे. टाइप २ मधुमेहाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती उलगडली वैद्यकाची पदवी नसलेल्या एका संशोधिकेमुळे. त्यांचं नाव रोझलिन यॅलो.

यॅलो यांचा जन्म १९२१ साली न्यूयॉर्कमधला. १९४५ मध्ये त्यांनी इलिनॉय विद्यापीठातून अणुभौतिकीत पीएचडी केली आणि १९४७ पासून ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात किरणोत्सारी समस्थानिकांवर, म्हणजे किरण सोडणाऱ्या अणूंवर, काम सुरू केलं. प्रयोगशाळा म्हणून मिळाली ती झाडलोटीचं सामान ठेवायची खोली. १९५० मध्ये सॉलोमन बर्सन हे डॉक्टर तिथे आले आणि दोघांची जोडी जमली.

प्रौढ वयातल्या मधुमेहात, म्हणजे आजच्या टाइप २ मध्ये, इन्सुलिन तयार होतं, पण यकृतातलं एक विकर (एन्झाइम) ते भराभर नष्ट करतं, अशी आर्थर मिर्स्की या संशोधकाची कल्पना होती. ती तपासायला दोघांनी इन्सुलिनला किरणोत्सारी आयोडीन जोडलं, ते शिरेतून दिलं आणि रक्तातून किती वेळात जातं ते पाहिलं. निघालं उलटंच. आधी इन्सुलिनची इंजेक्शनं घेतलेल्यांच्या रक्तात ते जास्त वेळ रेंगाळत होतं. मग ती मधुमेहासाठी घेतलेली असोत की त्या काळच्या रीतीप्रमाणे मनोविकारासाठी. यामागे मधुमेह नव्हता, आधीची इंजेक्शनं होती. गाई-डुकरांपासून मिळवलेल्या त्या इन्सुलिनविरुद्ध शरीरानं प्रतिपिंडं (अँटिबॉडीज, म्हणजे बाहेरच्या पदार्थाला पकडणारी प्रथिनं) बनवली होती आणि ती इन्सुलिनला धरून ठेवत होती.

इन्सुलिन जेमतेम ५१ अमिनो आम्लांचं. एवढ्याशा रेणूविरुद्ध प्रतिपिंडं बनतच नाहीत, असं तज्ज्ञ मानत होते. शोधनिबंध नाकारला गेला, आणि शीर्षकातून ‘प्रतिपिंड’ शब्द काढल्यावरच १९५६ मध्ये छापला गेला. नकाराचं ते पत्र यॅलो यांनी जपून ठेवलं आणि पुढे नोबेल व्याख्यानात दाखवलं.

पण खरी कमाल यानंतरची आहे. उपाशीपोटी एक मिलिलिटर रक्तात इन्सुलिन असतं नॅनोग्रॅमच्या अंशाइतकं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ते मोजायचं कसं? परीक्षानळीत प्रतिपिंडांच्या १०० जागा आहेत असं समजा. त्यात किरणोत्सारी इन्सुलिनचे १५० रेणू सोडले, तर शंभरही जागा तेच अडवतील. आता रुग्णाच्या रक्तातले साध्या इन्सुलिनचे ५० रेणू मिसळले, की २०० रेणू त्याच १०० जागांसाठी झगडतील आणि किरणोत्सारी रेणूंना सरासरी ७५ जागा मिळतील. साधे १५० असतील तर ५०. रक्तात इन्सुलिन जितकं जास्त, तितका प्रतिपिंडांना चिकटलेला किरणोत्सार कमी! आधी माहीत असलेल्या प्रमाणांनी आलेख काढून ठेवायचा आणि रुग्णाचा आकडा त्यावर वाचायचा.

उरतो प्रश्न चिकटलेलं आणि मोकळं इन्सुलिन वेगळं करण्याचा. मोकळं इन्सुलिन गाळणकागदाला ठेवल्या जागीच चिकटून बसतं, तर प्रतिपिंडांनी धरलेलं रक्तातल्या प्रथिनांबरोबर विजेच्या दाबाखाली पुढे सरकतं. मग दोन्ही पट्ट्यांचा किरणोत्सार मोजायचा, की झालं. मला या पद्धतीत सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की मोजायच्या रेणूला हातही लावावा लागत नाही. त्यानं किती जागा बळकावल्या एवढंच पाहायचं.

ही मोजणी सुरू झाल्यावर प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन निरोगी माणसाइतकं, कधी त्याहून जास्त सापडलं, आणि साखर तरीही चढलेली. म्हणजे इन्सुलिन हजर होतं, पेशी त्याला दाद देत नव्हत्या. यालाच आपण आज इन्सुलिन-रोध म्हणतो. वर्षं उलटतात तसं इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंडही थकतं आणि मग तुटवडाही येतो. ‘मधुमेह मुळापासून घालवतो’ असं सांगणाऱ्या चूर्णवाल्यांना म्हणूनच विचारावं, की तुम्ही कोणत्या मुळाबद्दल बोलताय आणि ते मोजलंत कशानं?

पुढे याच पद्धतीनं अनेक संप्रेरकं मोजली गेली, रक्तदात्यांच्या रक्तातली कावीळ-ब ओळखता आली. यॅलो आणि बर्सन यांनी पेटंट घेतलं नाही. बर्सन १९७२ मध्ये गेले. नोबेल मरणोत्तर देत नाहीत, त्यामुळे १९७७ चं पारितोषिक यॅलो यांना मिळालं, बर्सन यांना नाही. मात्र यॅलो यांनी आधीच आपल्या प्रयोगशाळेला बर्सन यांचं नाव देऊन घेतलं होतं, म्हणजे तिथून निघणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधावर ते छापलं जाईल.