गोठलंय ते पाणी, मिथेन नव्हे

दर जानेवारीत तो फोटो येतोच. काचेसारखा निळसर बर्फ आणि त्याच्या आत एकावर एक रचलेल्या पांढऱ्या चकत्या, जणू कोणी बत्ताशांच्या चळती लावून ठेवल्या आहेत. खाली ठळक अक्षरांत मजकूर: ‘कॅनडातील गोठलेल्या मिथेनचे सरोवर! स्पर्श करताच स्फोट!’ यंदा तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा एका आजींनी विचारलं, “अहो, मग त्या फोटोतली माणसं त्याच्यावर उभी कशी?”

प्रश्न अगदी नेमका आहे. मिथेन गोठतो उणे १८२ अंश सेल्सिअसला. पृथ्वीवर हवेचं आजवर नोंदवलेलं सर्वांत कमी तापमान अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक केंद्रावरचं, उणे ८९.२ अंश. म्हणजे कॅनडाच काय, या ग्रहावरची कुठलीही थंडी मिथेन गोठवू शकत नाही. फोटोतल्या चकत्यांमध्ये मिथेन आहे, पण तो साधा वायूच आहे. गोठलंय ते त्याच्या भोवतीचं पाणी. ‘मग मिथेन हायड्रेट असेल’ असंही काही जण म्हणतात. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन अडकून बनणारा तो घन पदार्थ शून्य अंशाला टिकायला साधारण २६ वातावरणांचा दाब लागतो, म्हणजे अडीचशे मीटर पाण्याखालची जागा. हातभर बर्फात तो दाब कुठून येणार?

फोटोतला तो तलाव म्हणजे कॅनडातला अब्राहम तलाव, आणि तो मी पाहिला आहे. भाचा कॅलगरीला असतो. त्याच्याकडे फेब्रुवारीत गेलो असताना एक दिवस पहाटे निघून, तीन तास गाडी हाकून आम्ही तिथे पोहोचलो. आल्बर्टा प्रांताच्या पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी क्लिअरवॉटर काउंटी नावाचा मोठा, विरळ वस्तीचा ग्रामीण भाग आहे. बान्फचं राष्ट्रीय उद्यान त्याला अगदी खेटून, त्यामुळे बहुतेक प्रवासी बान्फलाच थांबतात आणि डेव्हिड थॉम्पसन महामार्गावर वळतच नाहीत. वळायला हवं. या रस्त्याला लागूनच ३२ किलोमीटर लांबीचा अब्राहम तलाव पसरला आहे.

‘तलाव’ म्हटलं तरी हे धरणाचं पाणी आहे. नॉर्थ सस्कॅचेवान नदीवर १९७२ साली बिगहॉर्न धरण पूर्ण झालं आणि नदीच्या वरच्या अंगाला कूटने प्लेन्स या माळरानापर्यंतची दरी बुडाली. दरीत स्टोनी नाकोडा या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या वस्त्या होत्या, शिकारीच्या वाटा होत्या, पूर्वजांची थडगी होती. तलावाला सायलस अब्राहम या त्यांच्यातल्याच एका माणसाचं नाव दिलं गेलं. धरणग्रस्त हा शब्द ज्या भाषेत रोजचा आहे, तिच्या वाचकाला यावर वेगळं सांगायला नको.

दरीबरोबर तिथलं गवत, झुडपं, झाडांचे बुंधे, मातीतला पालापाचोळाही बुडाला. तळाच्या गाळात ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथे आर्किया गटातले, म्हणजे जिवाणूंसारखेच एकपेशीय पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव कामाला लागतात. जिवाणूंनी पालापाचोळा कुजवून तयार केलेलं, व्हिनेगरच्या आम्लाशी नातं असलेलं अ‍ॅसिटेट ते फोडतात, किंवा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आणतात. दोन्ही वाटांनी शेवटी मिथेन बनतो. आपल्याकडे गोठ्यामागच्या गोबरगॅसच्या टाकीत नेमकं हेच चालतं, आणि चूल पेटते ती त्याच वायूवर. १७७६ साली इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी अलेस्सांद्रो व्होल्टाने चिखल ढवळून वर आलेले बुडबुडे गोळा केले आणि हा वायू प्रथम वेगळा ओळखला. बॅटरीच्या शोधाआधीचा हा व्होल्टा मला फार आवडतो.

म्हणजे बुडबुडे कुठल्याही धरणात, तळ्यात, भातखाचरात असतात. मग त्यांच्या चळती इथेच इतक्या सुंदर का दिसतात? तीन तास गाडी हाकली ती या प्रश्नासाठी.

सुरुवात वरून करू. पाण्याचं असंगत आचरण आपण दहावीत शिकलो: ४ अंशांचं पाणी सर्वांत जड, म्हणून तळी वरून गोठतात. पण एकदा बर्फाचा पापुद्रा धरला की पुढचा बर्फ त्याच्या पोटाशी धरत जातो. पाण्याला गोठायचं असेल तर आपला अप्रकट उष्मा बाहेर टाकावा लागतो, आणि तो जाणार फक्त वरच्या बर्फातून, थंड हवेकडे. एक चौरस मीटर जागेत एक सेंटिमीटर बर्फ धरायचा तर सुमारे ३० लाख ६० हजार जूल उष्णता बाहेर पडायला हवी. समजा बर्फाचा वरचा पृष्ठभाग उणे १० अंशांवर स्थिर आहे. बर्फ १० सेंटिमीटर जाड असेल तर त्यातून दर चौरस मीटरला सुमारे २२० वॅट उष्णता निघते, आणि पुढचा सेंटिमीटर धरायला ४ तास पुरतात. बर्फ ५० सेंटिमीटर झाला की निघणारी उष्णता ४४ वॅटवर येते, म्हणजे सेंटिमीटरला १९ तास. १ मीटर झाला की २२ वॅट, सेंटिमीटरला ३९ तास. बर्फ स्वतःच स्वतःची रजई होतो. जोसेफ स्टेफान या भौतिकशास्त्रज्ञाने ध्रुवीय मोहिमांच्या नोंदींवरून १८९१ साली हे सूत्रात बसवलं: बर्फाची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चौपट दिवस गेले की दुप्पट बर्फ, नऊपट दिवस गेले की तिप्पट.

आता खालून बुडबुडा सोडा. तो वर येतो, बर्फाच्या पोटाला टेकतो आणि पसरतो. तेलकट फरशीवर सांडलेल्या पाण्याचं थारोळं आठवा आणि ते उलटं करा. पृष्ठताण आणि प्लावक बल यांच्या ओढाताणीत थारोळ्याची जाडी काही मिलिमीटरवरच थांबते. वायू जास्त आला तर चकती रुंद होते, जाड होत नाही. चहूबाजूंनी बर्फ खाली वाढत येतो, चकतीला वेढतो आणि तिच्याखालून मिटतो. चकती कैद.

पुढचा भाग मला सर्वांत प्रिय आहे. बर्फाच्या मानाने मिथेन सुमारे ७० पटींनी वाईट उष्णतावाहक आहे. त्यामुळे चकतीच्या खाली बर्फ धरायला आजूबाजूपेक्षा उशीर होतो, आणि बर्फाच्या पोटाला तिथे उलट्या बशीसारखा खळगा राहतो. गाळातल्या त्याच छिद्रातून निघालेला पुढचा बुडबुडा साधारण त्याच वाटेने वर येतो आणि सरळ त्या खळग्यात जाऊन बसतो. मग तोही कैद, त्याच्याखाली पुन्हा खळगा. पहिली चकती अशी दुसरीची जागा राखून ठेवते, दुसरी तिसरीची. म्हणून चळत.

आता स्टेफानचं वर्गमूळ या चळतीला लावा. धरून चालू की छिद्रातून रोज एकच बुडबुडा सुटतो. बर्फ १० सेंटिमीटर असताना दिवसभरात तो आणखी ५ सेंटिमीटर धरतो, तर १ मीटर असताना जेमतेम ६ मिलिमीटर. म्हणजे चळतीत वरच्या चकत्या दूरदूर आणि खालच्या एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या दिसायला हव्यात. हा झाला आदर्श हिशेब. प्रत्यक्षात थंडी कमीजास्त होते, बर्फाचा पृष्ठभाग हवेइतका थंड नसतो, आणि छिद्रही घड्याळ लावून बुडबुडे सोडत नाही. पण पोटावर आडवा होऊन, हातमोज्याने बर्फ पुसून मी पट्टी धरून पाहिली, तेव्हा तीन चळतींपैकी दोन अशाच होत्या. तिसरीत मधेच एक गच्च थप्पी होती.

त्या थप्पीचंही कारण असू शकतं. गाळातला वायू वरच्या पाण्याच्या आणि हवेच्या दाबाने धरून ठेवलेला असतो. दाब उतरला की तो भसकन सुटतो. वीजनिर्मितीसाठी हिवाळाभर धरणातून पाणी सोडलं जातं आणि पातळी उतरत जाते. १ मीटर पाणी उतरलं म्हणजे वातावरणाच्या दाबाचा दहावा हिस्सा कमी झाला. वादळ येताना हवेचा दाब घसरतो, त्यानेही असंच होतं. अलास्का विद्यापीठाच्या केटी वॉल्टर अँथनी यांनी उत्तरेकडच्या तळ्यांच्या बर्फातले बुडबुड्यांचे पुंजके मोजून तळ्यांतून निघणाऱ्या मिथेनचा हिशेब मांडला. सैबेरियातल्या तळ्यांच्या त्यांच्या २००६च्या अभ्यासात तब्बल ९५ टक्के मिथेन बुडबुड्यांवाटे बाहेर पडताना आढळला. तोवरच्या मोजणीतून तो बराचसा निसटतच होता.

हे सगळं दिसतं ते बर्फ उघडा असतो म्हणून. बर्फावर हिम साचलं तर ना चळती दिसतील, ना थंडी खाली पोहोचेल. या दरीत वारा थांबत नाही. पॅसिफिककडून येणारी दमट हवा रॉकीच्या पश्चिम उतारावर चढताना पाणी सांडते आणि पूर्वेला कोरडी होऊन उतरते. महाबळेश्वर चिंब आणि वाई-फलटण कोरडं राहतं ते ज्या कारणाने, तेच हे. फरक इतकाच की इथला वारा हिम झाडून नेण्याइतका जोरदार आहे. त्या दिवशी तिपाई हातातून सुटली ती बर्फावरून शंभर पावलं घसरत गेली.

स्पर्शाने स्फोट होत नाही, हे आता सांगायला नको. मिथेन पेटायला हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के हवं आणि वर ठिणगी हवी. पण आपणही दुसऱ्या टोकाला जाऊ नये. कोकणात रात्री दिसणाऱ्या वेताळाच्या पालखीच्या दिव्यांना ‘तो दलदलीतला मिथेन’ म्हणून झटकून टाकणारे विज्ञानप्रेमी खूप आहेत. मिथेन आपोआप पेटायला पाचशे अंशांहून जास्त तापमान लागतं. चिखलात ते नसतं. वेताळ नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, पण म्हणून त्याच्या जागी दुसरा मंत्र ठेवून चालत नाही. तसंच ‘जलविद्युत म्हणजे शून्य प्रदूषण’ या जाहिरातीचं. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, आणि धरणाच्या तळाशी तो बनतो, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

तलावावरून पूर्वेला तासाभराच्या आत नॉर्डेग हे गाव लागतं. १९११ साली मार्टिन नॉर्डेग या जर्मन उद्योजकाने कोळशासाठी ते वसवलं. १९५५ मध्ये खाण बंद पडली, आणि आता उन्हाळ्यात ती वाटाड्याबरोबर पाहता येते. ३१ ऑक्टोबर १९४१ रोजी तिथे वायूचा स्फोट होऊन २९ कामगार गेले. कोळशाच्या खाणीतला तो घातकी वायूही मिथेनच. तलावातला काही दशकांपूर्वीच्या गवताचा, खाणीतला कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा. रेणू तोच, पण जुन्या मिथेनमधला कार्बन-१४ (कार्बनचा हळूहळू विघटित होणारा किरणोत्सारी प्रकार) कधीच संपलेला असतो, आणि त्यावरून प्रयोगशाळेत दोघांना वेगळं ओळखता येतं.

बाकी पाहण्यासारखं पुष्कळ आहे. बिगहॉर्न नदीवरचा क्रेसेंट धबधबा, सिफ्लर धबधब्याची पायवाट, आणि पूर्वेला रॉकी माउंटन हाउस. तिथे १७९९ साली दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी फरच्या व्यापारासाठी ठाणी उभारली, आणि १८०७ मध्ये नकाशाकार डेव्हिड थॉम्पसन, ज्याचं नाव त्या महामार्गाला आहे, तिथूनच रॉकी ओलांडायला निघाला.

चळती पाहायच्या तर मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच जा, प्रीचर्स पॉइंटजवळ, बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून. काठाशी जपा: पाणी उतरल्यावर तिथला बर्फ पोकळीवर लोंबकळत राहतो आणि तडकतो. जुलैत गेलात तर हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठाने फिरोजी झालेलं पाणी दिसेल. त्यातून अधूनमधून एखादा बुडबुडा वर येईल आणि फुटेल.