बोगस लाभार्थी म्हणजे नेमके कोण?

रोजगार हमीच्या मस्टरवर खोटी नावे चढत, तेव्हा त्या नावामागे माणूस असण्याची गरज नसे. मेलेला किंवा मुंबईला गेलेला मजूरही हजेरी लावून जाई. 2013पासून योजनांचे पैसे थेट खात्यात येऊ लागले आणि चित्र बदलले. खोट्या लाभालाही खरे आधार, खरे पासबुक, खरा अंगठा लागू लागला. दलालांना आता जिवंत माणसे गोळा करावी लागतात.

2020मध्ये तमिळनाडूत किसान सन्मानचे 110 कोटी अपात्रांच्या खात्यांत गेले. दलालांनी कमिशन आधीच घेतले होते. वसुली सुरू झाली ती खातेदारांकडून.

‘लाडकी बहीण’चा शासन निर्णय 28 जून 2024चा. अटी लगेच सैल झाल्या: उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी पिवळे-केशरी रेशनकार्ड, अधिवासाऐवजी मतदार ओळखपत्र, बाकी हमीपत्रावर. यावर आजही वाद होतो. माझ्या मते सवलत योग्यच होती. दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटे घालणाऱ्या बाईची मजुरी बुडते. चूक घाईची झाली. नोंदणी चालू असतानाच ऑगस्टमध्ये हप्ते सुटले. अर्ज घेण्याचे काम फक्त अंगणवाडी सेविकांकडे ठेवायचे हे सप्टेंबरमध्ये ठरले, तोवर कोट्यवधी अर्ज भरून झाले होते.

2025मध्ये सुमारे 26 लाख नावांचा लाभ थांबला आणि सगळ्यांना एकच शब्द चिकटला: बोगस. घरातली तिसरी बाई, दुसऱ्या योजनेचे पैसे घेणारी बाई आणि दुसऱ्याच्या आधारवर पैसे उचलणारा, तिघे एकाच रांगेत. पहिल्या दोघी फार तर अपात्र, फसवणूक तिसऱ्याची. यादीतल्या 14 हजारांवर पुरुषांची तर थट्टाच झाली. पण नांदेडच्या हदगाव तालुक्यातले प्रकरण आठवा. रोजगार हमीचे पैसे मिळवून देतो म्हणून सेवा केंद्रचालकाने पुरुषांची आधार आणि पासबुके घेतली, त्यावर ‘लाडकी बहीण’चे अर्ज भरले आणि जमा झालेले पैसे त्यांच्याच अंगठ्याने काढून घेतले. कागदोपत्री लाभार्थी तेच.

चौकशी लागली की आधी गोठते ते खाते. पीकविमा, निराधारचे अनुदान, मजुरी सगळे त्याच आधार-जोडलेल्या खात्यात येते. केंद्रचालकाचे नाव त्या पासबुकात कुठेच नसते.