पार्श्वभूमी: जेजुरीचा गड, देवाची लग्ने आणि मुरळी

जेजुरीत खंडोबा देवाची दोन लग्ने सांगतात, आणि गडाची मांडणीही त्यांना धरूनच आहे. नेवाशाच्या वाण्याची लेक म्हाळसा रीतसर लग्नाची, म्हणून ती वर गाभाऱ्यात देवाशेजारी. चंदनपुरीच्या धनगरांची बाणाई देवाने वेश पालटून, मेंढरे राखून मिळवलेली, म्हणून तिचे ठाणे अर्ध्या वाटेवर. पायऱ्या चढणाऱ्याला आधी बाणाई भेटते, मग म्हाळसा. जागरणात, म्हणजे खंडोबाच्या नावाने रात्रभर चालणाऱ्या गाण्याच्या विधीत, या दोघींचे भांडण अजूनही चवीने गातात आणि ऐकतात. वाणी आणि धनगर, पेठ आणि रान यांचे नाते एका देवाच्या संसारात बसवण्याचे काम या कथेने केले.

म्हाळसेचे लग्न लागले ते सातारा जिल्ह्यातल्या पालीला, आणि तिथे ते दर पौषात पुन्हा लागते. जेजुरीत गाजते ती हळद. मार्गशीर्षात प्रतिपदेपासून षड्‌रात्र, म्हणजे सहा दिवसांचा उत्सव, बसते. पंचमीला गावातून तेलहंडा निघतो, मानकऱ्यांचे तेल त्यात पडते, हंडा गडावर जातो आणि देवाला तेलवण होऊन हळद लागते. दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी.

बांधकामाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. जुने ठाणे वरच्या डोंगरावरच्या कडेपठारचे, गडकोट त्यानंतरचा. सभामंडपाचे काम खटावकडच्या एका सरदाराने 1637 साली पुरे केले. 1742 च्या सुमारास इंदूरच्या सुभेदार होळकर घराण्याने खांब उभारले, आणि तट व तलावाची कामे त्याच घराण्याच्या पुढच्या पिढीने 1770 पर्यंत तडीला नेली. आज आपण ज्याला जेजुरी म्हणतो, ते बरेचसे या अठराव्या शतकातल्या पैशाचे रूप आहे.

देवाच्या लग्नामुळेच नवी जोडपी इथे येतात. नवऱ्याने नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या, ही रीत सर्वांना ठाऊक आहे. अडचण होते ती पायरीशी. दगड झिजलेला, त्यावर भंडाऱ्याचा थर, आणि वरून पावसाची सर किंवा सांडलेले पाणी आले की लगदा होऊन पाय सटकतो. म्हणून पाच पायऱ्या खालच्या, गर्दी नसलेल्या टप्प्यावर मोजाव्यात आणि चपला आधीच काढून ठेवाव्यात. भंडारा हळदीचाच घ्यावा. पिठात रंग मिसळलेली स्वस्त पिवळी पूड डोळ्यांत गेली की चुरचुरते, आणि कपड्यांवरचा तिचा डाग धुऊनही जात नाही. वर गेल्यावर मंदिरासमोरच्या मोठ्या कासवापाशी तळी भरतात: ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे, भंडारा, माणसे विषम संख्येत, बहुधा पाच, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत ताम्हन तीनदा उचलायचे. लग्नानंतरचे जागरण मात्र घरी होते. त्यासाठी चौक, कलश, देवाचे टाक (धातूच्या पत्र्यावरच्या मूर्ती), दिवटी-बुधली (मशाल आणि तिचे तेलपात्र), कोटंबा (भिक्षेचे पात्र) लागतो. वाघ्या आणि मुरळी म्हणजे देवाला वाहिलेले पुरुष आणि स्त्री. वाघ्याच्या हाती दिमडी, मुरळीच्या हाती घोळ (घंटी), साथीला तुणतुणे, आणि शेवटाकडे लंगर (लोखंडी साखळी) तोडणे.

या जागरणातली मुरळी हाच जेजुरीच्या इतिहासातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि देवाच्या लग्नाचे वर्णन करताना तो वगळणे अन्यायाचे होईल. मूल होत नाही किंवा जगत नाही म्हणून नवस बोलायचा, आणि झालेले पहिले मूल खंडोबाला सोडायचे, म्हणजे देवाला वाहायचे. मुलगा असेल तर वाघ्या, मुलगी असेल तर मुरळी. मुलीला हळद लावून, भंडारा उधळून, नऊ कवड्यांचा गाठा गळ्यात घालून तिचे लग्न देवाशी लावत. हे बहुधा न कळत्या वयात होई. पुढे तिला माणसाशी लग्न करता येत नसे. नवस फिटला असे घरचे समजत, आणि त्याची किंमत ती मुलगी जन्मभर मोजी. या मुली बहुतेक दलित आणि गरीब घरांतल्या होत्या.

याविरुद्धचा आवाज आधी त्याच समाजातून उठला. पुण्यात 1908 साली निघालेल्या एका मासिकाने मुरळ्या सोडण्याविरुद्ध सातत्याने लिहिले. त्यातूनच एका मुरळीचे रीतसर लग्नही लागले. तेव्हाच्या इंग्रज सरकारचे म्हणणे मात्र असे की दंडसंहितेतली 372 आणि 373 ही कलमे पुरेशी आहेत. तिथेच गोम होती. ही कलमे अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी देण्या-घेण्याबद्दल होती. गडावर हळद लागली एवढ्याने गुन्हा होत नसे. त्यामागचा हेतू सिद्ध करावा लागे. आईबाप नवसाचे नाव घेत, गाव गप्प बसे आणि साक्षीदार मिळत नसे. 1924 च्या दुरुस्तीने या कलमांतली अल्पवयाची मर्यादा 16 वरून 18 वर नेली, पण पुराव्याचा पेच तसाच राहिला.

तो सोडवला मुंबई इलाख्याच्या 1934 च्या देवदासी संरक्षण कायद्याने. त्याने वाहण्याचा विधीच बेकायदा ठरवला, मग त्या स्त्रीची संमती असो वा नसो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, अशा स्त्रीने पुढे केलेले लग्न वैध आणि तिची मुले औरस, हे त्यात स्पष्ट लिहिले. देवाशी लागलेले लग्न कायद्याच्या नजरेत लग्न उरले नाही. हा निर्णय आजही काहींना श्रद्धेतला हस्तक्षेप वाटतो. पण देव दोन लग्ने करून संसार मांडतो आणि त्याच्या नावाने सोडलेल्या मुलीला एकाही संसाराचा हक्क नाही, ही रीत थांबवायलाच हवी होती. दोष असलाच तर कायदा तोकडा असण्याचा. तो फक्त स्त्रियांपुरता होता, त्यामुळे वाघ्या म्हणून सोडलेले मुलगे त्यात आले नाहीत. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तिथे तो लागूच नव्हता. गडावर उघड होणारे विधी कमी झाले, पण मुलगी सोडण्याला आडगावात, घरच्या घरीही जागा होती. वाहिलेल्या बाईच्या पोटापाण्याचे काय, याचे उत्तरही त्यात नव्हते. पुनर्वसनासह नवा राज्य कायदा यायला 2005 साल उजाडले.

आता जागरणाच्या पार्टीत गाणारी मुरळी बहुतेक वेळा कलाकार असते: लग्न झालेली, मुलेबाळे असलेली, ठरलेल्या बिदागीवर रात्र जागवणारी. नाव जुनेच राहिल्याने तिच्याकडे जुन्याच नजरेने पाहणारेही आहेत, आणि त्याचा त्रास तिला होतो. जागरण ठरवताना बिदागी, परतीची गाडी आणि कार्यक्रम संपण्याची वेळ आधीच ठरवावी. मध्यरात्रीनंतर पिऊन आलेल्या पाहुण्यांना चौकाजवळ फिरकू देऊ नये, ही जबाबदारी यजमानाची.

अलीकडची चर्चा मात्र दगडाची आणि कारभाराची आहे. 2022 मध्ये सुमारे 349 कोटींचा विकास आराखडा मंजूर झाला, त्यातल्या पहिल्या टप्प्यात गडाचे जतन आहे. 2023 च्या मे महिन्यात विश्वस्त नेमताना बाहेरच्यांनाच झुकते माप मिळाले म्हणून ग्रामस्थ आंदोलनाला बसले, आणि स्थानिकांना घेऊन विश्वस्तांची संख्या सातवरून अकरा झाली. मानकऱ्यांचा, पुजाऱ्यांचा, गावकऱ्यांचा हक्क त्या वादात जोरात मांडला गेला. वाघ्या-मुरळींचा गडावरचा हक्क कोणता आणि तो कोण मांडणार, हा प्रश्न त्या बैठकांपर्यंत पोचलेला दिसला नाही.