जुना व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर आणि अमेरिकेतला हॅम परवाना: अर्ज नेमके कुठे अडतात

हॅमफेस्टमध्ये, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या (त्यांनाच हॅम म्हणतात) बाजारात, हीथकिटचा डीएक्स-60 किंवा जॉन्सनचा रेंजर असा जुना व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर स्वस्तात मिळतो. घरी आणून कपॅसिटर बदलतात, नवी वायर लावतात आणि मग विचारतात, "याला परवाना लागतो का हो?" अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचा क्रम बहुतेक असाच असतो, आणि त्यात बेकायदा काही नाही. इथे जुना ट्रान्समीटर विकत घ्यायला, उघडायला, दुरुस्त करायला परवाना लागत नाही. रिसीव्हर ऐकायला तर नाहीच नाही. अँटेनातून सिग्नल बाहेर सोडायचा झाला की मात्र एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचा, परवाना हवा.

त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डही नाही. एच-1बी, एच-4, विद्यार्थी, कोणीही परीक्षेला बसू शकतं. फक्त परदेशी सरकारचे प्रतिनिधी चालत नाहीत. मोर्सची, म्हणजे ठिपके-रेघांची सांकेतिक लिपी येण्याची, अट 23 फेब्रुवारी 2007 पासून गेली. तरी "आधी डिट-डा शिक" असं सांगणारे काका प्रत्येक क्लबात एक तरी असतात. मोर्स जरूर शिका, पण त्यापायी अर्ज लांबवू नका.

आता खरी मेख. बहुतेक जण टेक्निशियन या सुरुवातीच्या वर्गाची परीक्षा देतात, पास होतात, पेढे वाटतात, आणि मग कळतं की त्या परवान्यावर हा सेट बोलायला वापरता येत नाही. हे जुने सेट एएम या पद्धतीने आवाज पाठवतात, आणि एएमवाल्यांचे अड्डे 3.885, 7.290 आणि 14.286 मेगाहर्ट्झला. तिथे बोलायला किमान जनरल हा त्याच्या वरचा वर्ग हवा. टेक्निशियनला 80, 40 आणि 15 मीटरच्या बँडच्या (वारंवारितेच्या पट्ट्यांच्या) ठराविक भागांत फक्त मोर्स, तेही 200 वॉटपर्यंत. 10 मीटरवर 28.3 ते 28.5 मेगाहर्ट्झमध्ये बोलता येतं, पण एसएसबी या दुसऱ्या पद्धतीने, एएम नाही. हां, हीथकिटचा 'सिक्सर' हा 6 मीटरचा सेट मिळाला असेल तर गोष्ट वेगळी, कारण 50 मेगाहर्ट्झच्या वर टेक्निशियनला एएमची मुभा आहे. पण डीएक्स-60 घेऊन बसला असाल तर टेक्निशियन आणि जनरल, दोन्ही पेपर एकाच बैठकीत द्या. प्रत्येकी 35 प्रश्न, 26 बरोबर आले की पास. प्रश्नसंच जाहीर असतो आणि दर चार वर्षांनी 1 जुलैला बदलतो, त्यामुळे मित्राची जुनी पीडीएफ वाचून येऊ नका.

परीक्षेआधी एफसीसीच्या 'कोअर्स' या संकेतस्थळावर नोंदणी करून एफआरएन हा नोंदणी क्रमांक काढायचा. काम काही मिनिटांचं, पण आपल्या नावांचा घोळ इथेच सुरू होतो. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांचं नाव मधल्या रकान्यात, आणि एफआरएनला नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. मग परीक्षेच्या अर्जावर चौथाच प्रकार! ज्या ओळखपत्राने परीक्षेला बसणार, तेच समोर ठेवून सगळीकडे एकसारखं लिहा.

पत्ता अमेरिकेतलाच लागतो. आणि हे कोणी आधी सांगत नाही: तो पत्ता एफसीसीच्या सार्वजनिक यादीत सगळ्या जगाला दिसतो. घरात लहान मुलं असतील, किंवा नुसतं अवघड वाटत असेल, तर पोस्टातला पीओ बॉक्स द्या. चालतो.

परीक्षा झाली की खरी परीक्षा ईमेलची. परीक्षा घेणाऱ्या मंडळाला जी फी दिली ती वेगळी. एफसीसीची 35 डॉलरची फी 19 एप्रिल 2022 पासून लागू आहे आणि ती ईमेलने आलेल्या दुव्यावरून स्वतः भरायची असते. मुदत दहा दिवस, आणि तेही कॅलेंडरचे, शनिवार-रविवार धरून. ईमेल स्पॅममध्ये जातं. नाहीतर ऑफिसचा पत्ता दिलेला असतो आणि तिथला फिल्टर ते गिळतो. "फी तर परीक्षेलाच भरली" म्हणून ईमेल उघडूनही लोक गप्प बसतात. मुदत उलटली की अर्ज बाद, आणि पुन्हा परीक्षा मंडळाच्या मागे लागायचं. पास झाल्याचा दाखला 365 दिवस ग्राह्य असतो, म्हणून पेपर पुन्हा द्यावा लागत नाही, एवढाच दिलासा. पुढे वर्ग वाढवलात तर त्याला ही फी नाही.

परवाना पोस्टाने येण्याची वाट पाहू नका. कागदी परवाने आपोआप पाठवणं एफसीसीने 2015 मध्येच बंद केलं. तुमचं कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) त्यांच्या यादीत दिसलं की परवाना मिळाला. प्रत स्वतः उतरवून घ्यायची. त्याआधी, दाखला हातात असला तरी, सिग्नल बाहेर सोडायचा नाही.

"सेटला कुठलं प्रमाणपत्र?" कुठलंच नाही. तरी लोक मागची पाटी घासून अनुक्रमांक शोधत बसतात. हॅमच्या नियमांत कलम 97.307 मध्ये अनावश्यक उत्सर्जनाच्या (आपल्या वारंवारितेबाहेर सांडणाऱ्या सिग्नलच्या) मर्यादा आहेत, आणि 15 एप्रिल 1977 पूर्वी बांधलेले किंवा 1 जानेवारी 1978 पूर्वी बाजारात आलेले ट्रान्समीटर त्या आकड्यांतून वगळले आहेत. याचा अर्थ शेजाऱ्याच्या टीव्हीत तुमचा आवाज गेला तर हात झटकता येतील असा नाही. उत्सर्जन शक्य तितकं कमी ठेवणं तुमच्यावर बंधनकारकच आहे. वरच्या वारंवारितांचे नको असलेले सिग्नल अडवणारा साधा लो-पास फिल्टर लावा.

एक कागद मात्र कोणाकडेच सापडत नाही: अँटेनाजवळच्या माणसांपर्यंत किती रेडिओऊर्जा पोचते याचा हिशेब. मे 2021 पासूनच्या नियमांनी हे मूल्यमापन जवळपास सगळ्यांवर आलं आहे. त्याचा फॉर्म नाही, तो कुठे पाठवायचाही नाही, म्हणून सगळे विसरतात. वॉट, बँड, अँटेनाचं अंतर घालून ऑनलाइन गणकावर आकडे काढा आणि छापून लॉगबुकात ठेवा.

परवाना दहा वर्षांचा. नूतनीकरण मुदत संपण्याच्या 90 दिवस आधीपासून करता येतं. मुदत संपल्यावर दोन वर्षांची सवलत मिळते, आणि हीच ओळ लोक हमखास उलटी वाचतात. ती सवलत परीक्षा न देता नूतनीकरण करण्यापुरती आहे. त्या काळात बोलता येत नाही.

सेट पुण्याला घेऊन जायचा विचार असेल तर वरचं काहीही तिथे उपयोगाचं नाही. भारतात ट्रान्समीटर नुसता बाळगायलाही परवाना लागतो आणि अमेरिकन कॉलसाइन तिथे आपोआप चालत नाही. आधी तिथली परवानगी, मग बॅगेत सेट.